अनार्काच्या देहावर उभा राहिलेला पुतळा

१७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून एका डॉक्टरचा ब्राँझचा पुतळा चौथऱ्यावरून उतरवण्यात आला. बघायला जमलेल्या गर्दीत काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुतळा डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांचा होता. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांना आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटले जाते. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातही बाई तपासणीला गेली की ट्रेमध्ये जे वाकडे, दोन्ही टोकांना पन्हाळीसारखे उपकरण असते, त्याला सिम्स स्पेक्युलम म्हणतात. म्हणजे हा माणूस आपल्या आयाबहिणींच्या आयुष्यातही आलेला आहे. अशा माणसाचा पुतळा लोकांनी का उतरवायला लावला, हे चळवळीच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे.

सिम्सचा जन्म २५ जानेवारी १८१३ चा, अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातला. १८३५ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून तो डॉक्टर झाला. गावी दवाखाना टाकला, पण पहिले दोन रुग्ण, दोन्ही तान्ही बाळे, दगावले. तो गाव सोडून अलाबामात गेला आणि १८४० पासून माँटगोमेरी शहरात स्थिरावला. हा कापसाचा मुलूख होता. मळे गोऱ्यांचे आणि राबणारे हात गुलामांचे. मालक आपल्या बैलाला जसा डॉक्टर दाखवतो तसा गुलामालाही दाखवी, आणि सिम्सचा धंदा त्यावर चांगला चालला. गुलामांच्या धनुर्वात झालेल्या बाळांवरही त्याने प्रयोग केले. दोष कवटीच्या हाडांत आहे असे मानून तो चांभाराच्या आरीने ती हाडे उचलून बघत असे. बाळे मेली की दोष आया आणि सुईणींच्या माथी.

स्त्रियांच्या रोगांचा तर त्याला तिटकाराच होता, हे त्याने स्वतः नमूद केले आहे. १८४५ साली त्याला एका मळ्यावर बोलावणे आले. अनार्का नावाची सतरा वर्षांची गुलाम मुलगी तीन दिवस अडली होती. सिम्सने चिमटा लावून बाळंतपण उरकले, पण बाळाच्या डोक्याच्या दाबाखाली आतले मांस सडले आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये भोक पडले. या रोगाला फिस्टुला म्हणतात. लघवी अहोरात्र गळत राहते, मांड्या सोलवटतात, वासामुळे कोणी जवळ उभे करत नाही. तेव्हा यावर खात्रीचा उपचार नव्हता. त्याच सुमारास बेट्सी आणि ल्युसी या आणखी दोघी त्याच्याकडे आल्या. घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईला तपासताना विशिष्ट अवस्थेत ओणवे केले तर आतला भाग उघडा दिसतो, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने चमच्याचा दांडा वाकवून बेट्सीला तपासले. स्पेक्युलमचा जन्म असा झाला.

पुढे त्याने मागल्या अंगणात छोटे इस्पितळ बांधले आणि मालकांशी बोलणी केली. बायांचे खाणे-राहणे सिम्सकडे, कपडे आणि कर मालकाकडे. पेशाने वकील असल्यामुळे मी या व्यवहारापाशी थांबतो. यात दोन पक्ष आहेत, अटी आहेत, मोबदला आहे. जिच्या शरीरावर सुरी चालणार ती मात्र यात कुठेच नाही, कारण कायद्याने ती स्वतःच मालमत्ता होती. जिला नाही म्हणण्याचा अधिकार नाही तिच्या होकाराला काय अर्थ?

पहिली शस्त्रक्रिया ल्युसीवर झाली. ती गुडघ्यांवर ओणवी, भोवती डझनभर डॉक्टर बघायला. लघवी शोषण्यासाठी आत ठेवलेल्या स्पंजामुळे जखम चिघळली आणि ल्युसी मरता मरता वाचली. सावरायला तिला दोन-तीन महिने लागले. अशी चार वर्षे गेली. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. सिम्सचे समर्थक सांगतात की तेव्हा भूल नवीन होती. हे अर्धेच खरे आहे. बॉस्टनमध्ये ईथरचे प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाले आणि प्रयोग १८४९ पर्यंत चालू होते. शस्त्रक्रियेनंतर तो अफू मात्र देत असे. सहकारी डॉक्टर कंटाळून यायचे बंद झाले, तेव्हा त्याने या बायांनाच मदतीला घेतले. एकीवर सुरी चाले आणि दुसऱ्या तिला धरून ठेवत, हत्यारे देत. म्हणजे अमेरिकेतल्या या शास्त्राच्या पहिल्या परिचारिकाही त्याच. १८४९ साली चांदीच्या तारेचे टाके घातल्यावर अनार्काचे भोक बुजले.

त्या बायांनाही बरे व्हायचे होते, त्या स्वतः विनवत होत्या, असाही युक्तिवाद केला जातो. त्यांना बरे व्हायचे असेल यात शंका नाही. पण ही साक्ष सगळी सिम्सच्याच लेखणीतून आलेली आहे. त्या बायांचा एक शब्दही कुठे नोंदलेला नाही. हितसंबंधी पक्षाचे एकतर्फी म्हणणे कोणते न्यायालय पुरावा म्हणून जसेच्या तसे स्वीकारील?

पुढची वाट सोपी होती. १८५२ साली त्याचा लेख छापून आला, १८५३ साली तो न्यूयॉर्कला गेला आणि १८५५ साली तिथे स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय सुरू केले. तिथेही सुरुवातीला टेबलावर आल्या त्या गरीब आयरिश मजूर बायाच. हात त्यांच्यावर बसला. नंतर युरोपात सरदार घराण्यांच्या स्त्रिया त्याच्या रुग्ण झाल्या आणि फीही तशीच मिळाली.

१८६६ साली त्याने गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग वंध्यत्वावर आहे. मूल होत नाही म्हणून बाईलाच वांझ ठरवण्याचा तो काळ, आणि आपल्याकडे तो अजून सरलेला नाही. सिम्सने समागमानंतर गर्भाशयाच्या मुखावरचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पुरुषाचे बीज जिवंत आहे की नाही ते पाहिले. दोष नवऱ्यातही असू शकतो, हे तपासणीने दाखवण्याचा तो मार्ग होता. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. कृत्रिम गर्भधारणेचे पंचावन्न प्रयत्न त्याने सहा स्त्रियांवर केले. एकीला दिवस गेले, तेही टिकले नाहीत. त्याच जोशात त्याने कित्येकींच्या गर्भाशयाचे मुख मात्र उगाच चिरले. पुढे जॉर्जियाच्या रॉबर्ट बॅटी या डॉक्टरने पाळीच्या आणि मनाच्या तक्रारींवर उपाय म्हणून निरोगी अंडाशये काढण्याचा, म्हणजे कात्रीने अकाली रजोनिवृत्ती आणण्याचा उद्योग १८७२ साली सुरू केला, तेव्हा त्याची वकिली करणाऱ्यांत सिम्स होता.

ही जुनी गोष्ट वाटत असेल तर १६ जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. पाळीच्या तक्रारीसाठी केवळ दुर्बिणीने तपासणी करायला गेलेल्या अविवाहित बाईचे गर्भाशय आणि अंडाशये, ती बेशुद्ध असताना, आईची सही घेऊन काढली गेली. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. भरपाई किती? पंचवीस हजार रुपये. आणि २०१९ साली आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ स्त्रियांची पिशवी काढली गेली. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या किती, खाडा पडू नये म्हणून काढलेल्या किती, हे त्या फडांवर विचारायला हवे.

सिम्स १८७६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला आणि १३ नोव्हेंबर १८८३ रोजी वारला. १८९४ साली न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा तो तिथेच होता. १९३४ साली तो सेंट्रल पार्कमध्ये गेला. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना. त्याच देशाने मालकांच्या या डॉक्टरला सव्वाशे वर्षे चौथऱ्यावर ठेवले.

२०२१ साली माँटगोमेरीत मिशेल ब्राउडर या काळ्या कलावतीने भंगारातले लोखंड, जुनी अवजारे आणि उपकरणे जोडून तीन उंच स्त्रिया उभ्या केल्या. त्यांची नावे अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. अंगणातल्या त्या इस्पितळात आणखीही काही बाया होत्या. त्यांची नावे सिम्सने लिहून ठेवली नाहीत.