जिंकला स्कॉट, ट्रॉफी नेली दुसऱ्यानेच!

फॉर्म्युला वनसाठी तुम्ही रात्री जागता, पण अमेरिकेतल्या नॅसकारचं काय? रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच दिसणाऱ्या गाड्या आणि ट्रॅकवर शेकडो चकरा. तिथल्या दक्षिणेकडच्या शहरांत याचं भयंकर वेड. या खेळातलं एक नाव तुम्हाला माहीत हवंच. वेंडेल स्कॉट.

जन्म १९२१चा, गाव व्हर्जिनियातलं डॅनव्हिल. दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिक, परतल्यावर टॅक्सी आणि गॅरेज. जोडीला चोरटी दारू पोहोचवणं! पोलिसांना चुकवत रात्री गाडी हाणायची, हेच त्याचं ट्रेनिंग. १९५२मध्ये डॅनव्हिलच्या रेसवाल्यांना गर्दी खेचायला एक कृष्णवर्णीय ड्रायव्हर हवा होता. त्यांनी विचारलं कोणाला, तर पोलिसांनाच. मग नाव कोणाचं आलं, ओळखा!

पुढे १९६१मध्ये तो नॅसकारच्या सर्वांत वरच्या गटात उतरला. मोठा स्पॉन्सर नाही, जुन्या गाड्या, जुने पार्ट्स. पिटमध्ये त्याचीच पोरं. प्रेक्षकांतून शिव्या यायच्या, काही ट्रॅकवर तर एंट्रीच मिळायची नाही.

१ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं आणि २०० लॅप्स पूर्ण केल्या, पण विजयाचा झेंडा काही हलेना. विजेता म्हणून नाव पुकारलं बक बेकरचं, जो दोन लॅप्स मागे होता! गर्दी पांगल्यावर, काही तासांनी अधिकाऱ्यांनी मोजणीतली चूक मान्य केली. पण तोवर बेकर ट्रॉफी घेऊन गेलेला. विजेत्याला ब्यूटी क्वीनने किस करायची तिथे पद्धत होती. गोऱ्या मुलीने सगळ्यांसमोर काळ्या ड्रायव्हरला किस करणं आयोजकांना नको होतं, असं अनेकजण मानतात. मला तरी ही निव्वळ चूक वाटत नाही.

त्यानंतरही स्कॉट दहा वर्षं पळत राहिला. १९७३मध्ये टॅलाडेगाच्या भीषण अपघातात तो जबर जखमी झाला आणि करिअर जवळपास संपलंच. एकूण ४९५ रेसेस, विजय तो एकच. १९९०मध्ये कॅन्सरने तो गेला.

हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २०१५मध्ये. आणि जॅक्सनव्हिलची ट्रॉफी? नॅसकारने ती त्याच्या कुटुंबाच्या हातात दिली ऑगस्ट २०२१मध्ये, डेटोनाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टॅलाडेगालाच बबा वॉलेस जिंकला, स्कॉटनंतर या गटात जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. मध्ये ५८ वर्षं गेली होती.