खुनाच्या जागेचं माप घेणारा कारकून : आल्फोंस बर्टिलॉन

चोरी असो की खून, पोलीस आले की आधी पंचनामा होतो. जागेच्या चतुःसीमा लिहितात, टेप लावून अंतर मोजतात, कच्चा नकाशा काढतात, फोटो घेतात. आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण फोटो आणि माप यांची सांगड घालून दिली ती पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या एका कारकुनाने. त्याचं नाव आल्फोंस बर्टिलॉन.

जन्म 1853 चा, पॅरिसचा. वडील डॉक्टर आणि आकडेशास्त्राचे जाणकार. पोरगं मात्र शाळेत टिकेना. एकापेक्षा जास्त शाळांनी काढून टाकलं. शेवटी वडिलांनी शब्द टाकला आणि 1879 मध्ये तो पोलीस खात्यात कारकून म्हणून चिकटला.

काम काय, तर पकडलेल्या माणसांचं वर्णन कार्डावर उतरवायचं. उंची मध्यम, चेहरा साधारण. असं वर्णन अर्ध्या गावाला लागू पडतं! सराईत चोर खोटं नाव सांगायचा आणि पहिल्यांदाच सापडल्यासारखा सुटून जायचा. कार्डांचे ढीग होते, पण त्यातून माणूस शोधायचा कसा?

बर्टिलॉन माणसं मोजायला लागला. डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल, अशी 11 मापं. वरिष्ठांनी आधी खुळ्यात काढलं. पुढच्या साहेबाने 1882 च्या शेवटी तीन महिन्यांची मुदत दिली. फेब्रुवारी 1883 मध्ये खोटं नाव सांगणारा पहिला आरोपी मापावरून सापडला. 1884 या एका वर्षात असे 241 जण ओळखले गेले. आरोपीचा एक फोटो समोरून आणि एक बाजूने, ही ठरावीक पद्धतही त्यानेच बसवली.

जागाच साक्षीदार

मग त्याने हीच शिस्त खुनाच्या जागेला लावली. जागा एकदा आवरली की परत तशी मांडता येत नाही. म्हणून काही हलवण्याआधी ती टिपून ठेवायची. उंच तिकाटण्यावर कॅमेरा चढवून वरून खाली मृतदेहाचा फोटो घ्यायचा. तो फोटो मापाच्या खुणा छापलेल्या कार्डावर चिकटवायचा. त्या खुणांवरून वस्तूंमधलं अंतर काढता यायचं आणि जागेचा नकाशाही मांडता यायचा.

याची गरज का पडली? फोटोत सगळं दिसतं, पण अंतर फसवतं. जवळची वस्तू मोठी, लांबची बारीक. नकाशात अंतर बरोबर येतं, पण काढणाऱ्याच्या नजरेतून सुटलं ते सुटलंच. दोन्ही जोडीने असले की एकाची उणीव दुसरा भरतो.

1902 मध्ये पॅरिसला एका दंतवैद्याच्या घरात नोकराचा खून झाला. कपाटाच्या फुटलेल्या काचेवर बोटांचे ठसे होते. बर्टिलॉनने त्यांचे फोटो काढले, जुन्या कार्डांशी ताडून पाहिले आणि शेफर नावाचा आरोपी निघाला. गंमत म्हणजे ठशांपेक्षा त्याचा भरवसा स्वतःच्या मापांवर जास्त होता. पुढे मात्र जगाने ठसेच स्वीकारले. त्यासाठीचा विभाग कोलकात्यात 1897 मध्येच सुरू झाला होता.

माप सोडलं आणि घात झाला

पण याच माणसाच्या हातून मोठा अन्यायही झाला. 1894 मध्ये फ्रान्सच्या लष्करातले ज्यू अधिकारी ड्रायफस यांच्यावर हेरगिरीचा आळ आला. पुरावा म्हणजे एक चिठ्ठी. बर्टिलॉन अक्षरांचा जाणकार नव्हता, तरी त्याने अक्षर ड्रायफस यांचंच ठरवलं. जिथे अक्षर जुळेना, तिथे त्यांनी मुद्दाम बदललं असं सांगितलं. म्हणजे जुळलं तरी दोषी, नाही जुळलं तरी दोषी! ड्रायफस यांनी चार वर्षं बेटावर काळ्या पाण्याची शिक्षा भोगली. 1906 मध्ये ते निर्दोष ठरले. चिठ्ठी दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती.

13 फेब्रुवारी 1914 ला बर्टिलॉन वारला. आधी मोजा, मग बोला, हे त्याने जगाला शिकवलं आणि एकदा स्वतःच विसरला. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून नवा फौजदारी कायदा लागू आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर येणं आणि मोबाईलवर किंवा दुसऱ्या साधनाने चित्रीकरण करणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होतंय. पण तज्ज्ञ येईपर्यंत शंभर पायांनी जागा तुडवली असेल तर कॅमेरा काय टिपणार?

तेव्हा मंडळी, जखमी माणूस असेल तर आधी त्याला वाचवा. बाकी कशाला हात लावू नका. लांब उभे राहा, गर्दी मागे सारा. आणि ग्रुपवर फोटो टाकून कुणाला गुन्हेगार ठरवायची घाई तर मुळीच नको.