वांग शीझी : रेघांच्या क्रमातून उरलेला माणूस

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटवर 'जीटी' मारली नाही असा प्राणी आपल्या होस्टेलमध्ये शोधूनही सापडायचा नाही. काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सिनियरची शीट, तिच्यावर आपली. मित्रांनो, ज्याच्याबद्दल लिहितोय त्या वांग शीझीला चिनी लोक सुलेखनातला ऋषी मानतात. त्याच्या हातचा मूळ कागद आज एकही उरलेला नाही. जे उरलं ते मुख्यतः नकलांमुळे, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या नकला म्हणजे चक्क जीटीच आहेत!

जन्म साधारण इ. स. ३०३, आजच्या शानडोंग प्रांतातल्या लिनयीचा. घराणं मोठं, पण काळ वाईट. ३११ मध्ये राजधानी लुओयांग शत्रूच्या हाती पडली. घराण्यातली माणसं यांगत्झेच्या दक्षिणेला आली. शीझी लहान असतानाच वडिलांचं छत्र गेलं. अक्षरं गिरवून घेतली ती वेई शुओ नावाच्या बाईंनी, असं परंपरा सांगते. त्यांच्या नावावर एक जुनं टिपण आहे. त्यात ठिपक्याला उंच कड्यावरून सुटलेल्या दगडाची आणि आडव्या रेघेला लांबवर पसरलेल्या ढगांची उपमा आहे. टिपण खरंच बाईंचं की मागाहून कुणी लिहिलेलं, यावर वाद आहे. पण शिकवणं काय तऱ्हेचं होतं ते कळतं.

आपल्याला वाटतं, अक्षर शेवटी बरोबर दिसलं म्हणजे झालं. चिनीत तसं नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ आधी, तिला छेदणारी उभी नंतर. चौकटीचं अक्षर असेल तर आत माणसं घ्यायची आणि मग दार लावायचं, म्हणजे तळाची रेघ सर्वांत शेवटी. अपवाद आहेतच. 'पाणी' या अक्षरात मधली आकड्याची उभी रेघ पहिली, बाजूच्या नंतर. हा निव्वळ मास्तरकीचा हट्ट नाही. भरभर लिहिताना कुंचला पुरता उचलला जात नाही, एका रेघेचं शेपूट पुढच्या रेघेला जाऊन मिळतं. क्रम चुकला की शेपटं भलत्याच ठिकाणी जुळतात आणि वाचणाऱ्याला अक्षर लागत नाही. (व्हायव्हाच्या आदल्या रात्री मित्राच्या नोट्स वाचल्यात ना? तसंच.) या धावत्या लिपीत शीझीचा हात धरणारा कुणी नव्हता.

माणूस मात्र गंभीर चेहऱ्याचा पंडित नव्हता. शी जियान नावाच्या सरदाराने जावई शोधायला माणूस पाठवला, तेव्हा घरातली बाकीची तरुण पोरं सावरून बसली आणि हा पूर्वेकडच्या पलंगावर पोट उघडं टाकून लोळत होता. पसंत तोच पडला! आजही चिनीत जावयाला 'पूर्वेचा पलंग' म्हणतात. हंसांचं त्याला वेड. एका ताओपंथी साधूला धर्मग्रंथाची प्रत लिहून दिली आणि मोबदल्यात त्याचे हंस घेऊन स्वारी खुशीत घरी आली, अशी कथा आहे.

पुढे तो कुआईजीचा, म्हणजे आजच्या शाओशिंग भागाचा कारभारी झाला. दुष्काळात त्याने सरकारी कोठारं उघडून लोकांना धान्य दिलं. मला हंसांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते, पण लोकांना हंसच आठवतात.

३५३ च्या वसंतात लानटिंग इथे ४२ जण ओढ्याकाठी जमले. पाण्यात मद्याचे प्याले सोडायचे, प्याला समोर थांबला की कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. सोळा जण नापास झाले, त्यांत शीझीचा धाकटा मुलगाही होता. त्या दिवशीच्या कवितांना शीझीने तिथेच प्रस्तावना लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरं, मध्ये खाडाखोडही. त्याच्या स्वतःच्या नावातलं 'झी' हे अक्षर त्यात वीस वेळा येतं आणि दर वेळी त्याचं वळण वेगळं आहे. नंतर शुद्धीवर असताना पुन्हा लिहून पाहिलं, पण तसं साधलं नाही म्हणतात.

दोनच वर्षांनी, ३५५ मध्ये, ज्याच्याशी पटत नव्हतं तोच माणूस वरिष्ठ म्हणून डोक्यावर आला. शीझीने आईवडिलांच्या समाधीपुढे शपथ घेऊन नोकरी सोडली. ती शपथ पाळली. ३६१ मध्ये तो वारला.

जवळजवळ तीनशे वर्षांनी तांग सम्राट ताइझोंग त्याच्या अक्षराच्या नादी लागला. प्रस्तावनेचा मूळ कागद एका म्हाताऱ्या भिक्षूकडून कपटाने मिळवला आणि ६४९ मध्ये सम्राटासोबत तो थडग्यात गेला, अशी हकीगत आहे. त्याआधी दरबारातल्या नकलाकारांनी कागद उजेडावर धरून प्रत्येक रेघेची बारीक आउटलाइन काढली आणि मग आत शाई भरली. म्हणजे त्यांचा हात शीझीच्या क्रमाने फिरलाच नाही. तरी प्रत्येक शेपूट जिथल्या तिथे उतरलं. त्यामुळे क्रम ठाऊक असलेला माणूस आज त्या नकलेवर कोरडा कुंचला फिरवू लागला, की कुठे तो टेकला, कुठे वळला, कुठे घाई केली, हे त्याच्या मनगटाला कळतं.

यातली सर्वांत नावाजलेली नक्कल बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिचं पहिलंच अक्षर 'युंग', अर्थ कायमचं. सुलेखनातले आठही मूळ फटकारे या एकाच अक्षरात येतात, म्हणून शिकणाऱ्याला आधी तेच गिरवायला देतात. सुरुवात वरच्या ठिपक्यापासून.