आगरकर : संपादक आणि संस्था

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे ४ जानेवारी १८८१ रोजी निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक होत. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळकांसह त्यांनी १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगला. राजकीय प्रश्नांवर सहकारी एकत्र होते. सामाजिक सुधारणेवर मात्र मतभेद विकोपाला गेले. पत्र सर्वांचे आणि लेखणी एकाची. मग अग्रलेखातील मत कोणाचे मानावे, हा पेच आपसांतील चर्चेने सुटला नाही. १८८७ मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडले व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले. संस्थेच्या ऐक्यासाठी स्वमत झाकणे त्यांना मान्य नव्हते. मराठी वृत्तपत्रसृष्टीला त्यामुळे दोन समर्थ व्यासपीठे लाभली. दोघांच्या स्नेहात मात्र अंतर पडले ते पडलेच.