वांद्र्यात उतरलेली पोलिश मुले आणि त्यांचे ‘बापू’



मोतमावलीच्या जत्रेला वांद्र्यात लाखो भाविक येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९४२ च्या उन्हाळ्यात युद्धाने बेघर केलेली पोलंडची मुले याच वांद्र्यात येऊन राहिली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्यांतील बहुतेक मुले कॅथोलिक होती, पुष्कळशी अनाथ होती. त्यांना आसरा देणारे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांची ओळख आज करून द्यावी, असे आम्हांला वाटते.

जामसाहेबांचा जन्म १८९५ सालचा. प्रख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. इंग्लंडमध्ये शिक्षण आणि सैन्यात नोकरी झाल्यावर १९३३ साली ते नवानगरच्या, म्हणजे आजच्या जामनगरच्या, गादीवर आले. पुढे ते नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर झाले. १९४२ साली लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात भारताचे प्रतिनिधी म्हणून ते बसले. युद्ध कसे चालते, हे त्यांनी आतून पाहिले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोविएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो स्त्रीपुरुषांना मुलाबाळांसह गाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. भुकेने, थंडीने, आजाराने असंख्य माणसे मेली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा या कैद्यांची सुटका झाली. परंतु सुटून जायचे कोठे? आईबाप गमावलेली मुले अश्गाबादच्या अनाथाश्रमात गोळा झाली. रशिया आता इंग्लंडचा मित्र झाला होता. त्यामुळे या मुलांची करुण कहाणी मोठ्याने सांगणे कोणालाच सोयीचे नव्हते.

अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात त्यांना जागा देऊ केली. ते दिवस लक्षात घ्या. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले होते. एप्रिलात विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. मुंबईकरही धास्तावले होते. आपलेच घर सुरक्षित नसताना परक्याच्या मुलांना घरात घेणे, हे त्या वेळी कोणाला सुचले असते?

मुलांची पहिली तुकडी इराणमधील खडतर रस्त्याने लॉरींतून निघून क्वेट्टामार्गे मुंबईला पोहोचली. त्यांची प्रकृती सुधारावी म्हणून त्यांना सुमारे तीन महिने वांद्र्यात ठेवले होते. मुंबईतील पोलिश वकिलातीने त्यांची देखभाल केली. मग जुलैमध्ये ती जामनगरजवळच्या बालाचडी येथे, समुद्रकाठी, जामसाहेबांच्या उन्हाळी महालाशेजारी बांधलेल्या छावणीत गेली. पुढे आणखी तुकड्या आल्या.

बालाचडीत शाळा होती, दवाखाना होता, खेळाचे मैदान होते आणि प्रार्थनेसाठी चॅपेलही होते. छावणीचे प्रमुख होते फादर फ्रान्चिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू. जामसाहेब मुलांची नाटके आणि खेळ पाहायला येत. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. पालकाच्या भाजीला कंटाळून मुलांनी संप केला, तेव्हा बापूंनी पालक शिजवणेच बंद करवले, अशी आठवण ती मुले म्हातारपणीही हसत सांगत.

जामसाहेब श्रद्धावान हिंदू होते. सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीत त्यांचा पुढाकार होता. तरीही मुलांची भाषा, त्यांचे सण, त्यांची मिस्सा यांना त्यांनी धक्का लागू दिला नाही. आसरा दिला म्हणून त्यांना आपल्यासारखे करून घेतले नाही. आमच्या मते त्यांच्या मोठेपणाचे मर्म येथे आहे. कीव येणे सोपे असते. ती डोळ्यांत येते आणि पुसली जाते. जबाबदारी घेणाऱ्याला मात्र जागा, अन्न आणि वेळ द्यावा लागतो. प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याने हेच केले होते.

आपल्या महाराष्ट्रातही कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तेथील पुष्कळ मुले वळिवड्याला आली. १९४८ मध्ये तीही छावणी रिकामी झाली आणि फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच जागी आली. तेच आजचे गांधीनगर. एका युद्धाने बेघर केलेल्यांच्या जागी एका फाळणीने बेघर केलेले आले!

जामसाहेबांचे १९६६ साली मुंबईतच निधन झाले. वॉर्सात आज त्यांच्या नावाने शाळा आहे आणि ‘भल्या महाराजांचा’ चौकही आहे.

युक्रेन, गाझा, सुदान येथील मुलांची चित्रे आपण रोज पाहतो. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या, जमेल ते दान देऊ या. पण आधी स्वतःला विचारू या: आपल्या इमारतीत खोली भाड्याने मागायला कोणी आला, तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? त्याचे नाव, जात, धर्म? की त्याची गरज?

आपल्या घरातील कोणा वडीलधाऱ्यांनी वांद्र्यातील त्या पोलिश मुलांची आठवण सांगितली असेल, तर मिस्सानंतर आम्हांला जरूर भेटा. ती लिहून ठेवू या.