रक्तात की सवयीत? कॅन्सरचं मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

घराण्यात कुणाला कॅन्सर नाही म्हणजे आपल्यालाही होणार नाही, असं अनेकांना वाटतं. कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती आणि सवयींचा किती, हे भारतात सुरुवातीच्या काळात तपासणारं मराठी नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म 1895 चा. 1923 मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केल्यावर ते मुंबईत ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले. 1941 मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि पुढे तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली.

रोजच्या सवयी कॅन्सरची जागा ठरवतात, हे त्यांना पेशंट तपासताना दिसलं. कंबरेला घट्ट बांधलेलं धोतर वर्षानुवर्षं घासून तिथे कॅन्सर व्हायचा. खैनी धरणाऱ्यांना ओठाच्या आत, तर चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात ठेवणाऱ्यांना टाळूला. 1945 मध्ये त्यांनी हे तिन्ही प्रकार जगापुढे मांडले.

महिलांच्या बाबतीत कोडं अवघड होतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुंबईत हिंदू महिलांमध्ये जास्त, पारशी महिलांमध्ये कमी. लग्नं आपापल्या समाजातच व्हायची. मग फरक रक्तातच असेल का? खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. गटागटांत फरक निघाले. पण फरक असणं वेगळं आणि तोच आजाराचं कारण असणं वेगळं.

पुढे 1955 मध्ये पद्मभूषण, मग मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद. 1978 मध्ये त्यांचं निधन झालं.

कोड्याचं मोठं उत्तर त्यानंतर आलं. 1983 मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या टीमला या कॅन्सरच्या गाठीत एचपीव्ही-16 हा विषाणू सापडला. बहुतेकींच्या शरीरातून हा संसर्ग आपोआप जातो, काहींच्या शरीरात टिकतो. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांमधले फरक इथे थोडा परिणाम करतात. पण मुख्य कारण विषाणूच.

याचा उपयोग किती, हे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने दाखवलं. 1987 पासून इथे गावोगावी जाऊन कॅन्सरच्या नोंदी होऊ लागल्या. 1999 मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलसोबत शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 महिलांचा अभ्यास सुरू केला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी आणि गरजेनुसार उपचार मिळाले, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

म्हणून घराण्यात कुणाला नसला, तरी तपासणी चुकवू नका.