ल्युसी विल्स: मुंबईच्या गिरणीतल्या बायकांचा रक्तक्षय

मुंबईत १९२८ साली गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे, पाय सुजत, आणि काही जणी बाळंतपणातच दगावत. त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसत. या आजाराचे कारण शोधायला इंग्लंडहून डॉ. ल्युसी विल्स आल्या.

विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. डॉक्टर झाल्या त्या १९२० मध्ये, म्हणजे बत्तिशीच्या आसपास. मुंबईत त्यांनी हाफकिन संस्थेत काम केले. मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी बायकांचे रक्त तपासलेच, शिवाय त्यांच्या घरी रोज काय शिजते याचीही पाहणी केली. ताटात भाजी आणि फळे फारच कमी होती.

मोठ्या पेशींचा रक्तक्षय युरोपातल्या डॉक्टरांच्या ओळखीचा होता. त्याला ते पर्निशस अ‍ॅनिमिया म्हणत. त्याचे मूळ जठरात असते, हे आता नीट कळले आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच जठराच्या अस्तरावर उलटते आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मारते. आम्ल घटले की अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. याच पेशी एक प्रथिनही तयार करतात. त्या प्रथिनाला चिकटल्याशिवाय बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. यकृतात बी-१२ चा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, म्हणून दुखणे उशिरा उघडे पडते. मग थकवा येतो, जीभ गुळगुळीत होऊन झोंबते, तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. पोट मात्र अनेकदा अजिबात दुखत नाही!

या रोगावर यकृत खायला देण्याचा उपाय १९२६ मध्ये सापडला होता. मुंबईचा आजारही तोच असता, तर काम सोपे होते. पण यकृताचा शुद्ध केलेला अर्क पर्निशसच्या रुग्णांना उपयोगी पडे आणि या बायकांना पडत नसे.

विल्स यांनी आधी उंदरांना तशाच निकृष्ट आहारावर ठेवले. उंदीर आजारी पडले खरे, पण त्यात उवांमधून पसरणाऱ्या जंतूचा हात निघाला. ती वाट सोडून त्या माकडांकडे वळल्या. आजारी माकडाला त्यांनी मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त काळपट अर्क दिला, आणि ते सुधारले. मग तोच अर्क बायकांना दिला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. हे संशोधन १९३१ मध्ये छापून आले. यीस्टमधल्या त्या अज्ञात घटकाला पुढे विल्स यांचेच नाव पडले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले. विल्स यांचा घटक तो हाच. बी-१२ हाती लागायला १९४८ उजाडले.

विल्स यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर त्या लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावातही गरोदर बाईला लोह आणि फॉलिक आम्लाची तांबडी गोळी मिळते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस ती रोज घ्यायची असते. ती चुकवू नये. मात्र रक्तक्षय बी-१२ च्या कमतरतेचा असेल आणि फक्त फॉलिक आम्लच मोठ्या प्रमाणात दिले गेले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. ती फार पुढे गेली तर भरून येत नाही. म्हणून पायांना मुंग्या येत असतील, घरात थायरॉइडचा किंवा लहानपणापासूनच्या मधुमेहाचा इतिहास असेल, किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर बी-१२ ची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी. जठराचा दोष निघाला, तर बी-१२ ची इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात, आणि जठरात गाठ होत नाही ना, हे पाहायला डॉक्टर अधूनमधून दुर्बिणीने तपासणी सांगतात.